फोनच्या आत काय चालतं, आणि आपल्याला काय चालतंय असं वाटतं

साताऱ्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी मी मोबाइलचा वर्ग घेते. येणारी मंडळी बहुतेक साठीच्या पुढची. वर पत्रा असल्यामुळे उन्हाळ्यात त्या खोलीत बसवत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून एसी बसवला. तेव्हापासून मे महिन्यात दर रविवारी एकच गोष्ट बघते. जो पहिला येतो तो रिमोट उचलतो आणि आकडा थेट १६ वर नेतो. "आधी पटकन गार होऊ दे, मग वाढवू." वाढवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. पाऊण तासाने मागच्या बाकावरच्या बायका पदर खांद्याभोवती लपेटून घेतात आणि कुणीतरी उठून एसी बंदच करतं. दहा मिनिटांत परत उकडायला लागतं.

१६ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. खोलीत ३४ अंश असताना २४ मागा किंवा १६ मागा, साधा एसी दोन्ही वेळा तेवढ्याच जोराने चालतो. रिमोटवरचा आकडा 'किती जोराने चाल' हे सांगत नाही, 'कुठे थांब' एवढंच सांगतो. ३४ वरून २४ पर्यंत यायला जो वेळ लागायचा तो लागतोच. २४ सांगितलेला एसी तिथे थांबतो, १६ सांगितलेला पुढे जात राहतो, इतकाच फरक. (इन्व्हर्टर एसी आपला वेग कमी-जास्त करू शकतो, त्यामुळे तिथे हिशेब थोडा वेगळा. पण खोली चांगली तापलेली असताना तोही पूर्ण जोर लावतोच.)

मग इतक्या शहाण्यासुरत्या माणसांना असं का वाटतं? कारण आयुष्यभर ज्या वस्तू हाताळल्या त्या तशाच वागत आल्या. गॅसचं बटण मोठं केलं की दूध लवकर तापतं. नळ पूर्ण सोडला की बादली लवकर भरते. पंखा पाचावर ठेवला की वारा जास्त येतो. एसीचा आकडा हा त्याच घराण्यातला असणार, असं मन धरून चालतं. अमेरिकेत थंडीत घर गरम ठेवणाऱ्या यंत्राचं बटण लोक कसं फिरवतात याचा अभ्यास विलेट केम्प्टन यांनी १९८६ साली मांडला, आणि त्यांनाही हेच आढळलं. बऱ्याच लोकांच्या मनात ते बटण म्हणजे एक नळ होता: जास्त फिरवलं की जास्त ऊब.

यंत्राच्या आत काय चालतं याचं असं एक चित्र आपण प्रत्येक जण मनात बाळगतो. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक यांनी १९४३ मध्येच ही कल्पना मांडली होती. माणूस बाहेरच्या जगाची एक छोटी प्रतिकृती डोक्यात घेऊन फिरतो, काही करण्याआधी ते त्या प्रतिकृतीत करून बघतो आणि मग हात उचलतो. क्रेक पुढे दोनच वर्षांत, ३१ व्या वर्षी, सायकलच्या अपघातात गेले. पण संगणक आणि फोन माणसं कशी वापरतात याचा आजचा बराचसा विचार त्या कल्पनेवर उभा आहे.

मला या लेखात एवढंच सांगायचं आहे: फोन वापरताना माणूस चुकतो तेव्हा बहुतेक वेळा त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. त्याच्या मनातलं चित्र जुन्या वस्तूवरून आलेलं असतं, आणि नवी वस्तू वेगळी वागते. हे एकदा नीट दिसलं की चुकणाऱ्याशी बोलायची आपली भाषाच बदलते. यात पैशाचा प्रश्न आला की हे किती महागात पडतं, ते आधी सांगते.

वर्गात एक निवृत्त मुख्याध्यापिका येतात. त्यांना मी बाईच म्हणते. पुण्याला मुलाकडे कायमचं जायचं ठरलं, म्हणून त्यांनी घरातलं सामान काढायला घेतलं. शिसवी जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या यांचे फोटो विक्रीसाठी टाकले, किंमत १८,००० रुपये. तासाभरात फोन आला. बोलणं अदबीचं. माझी बदली झालीय, घर लावायचंय, टेबल फोटोत आवडलं, न बघताच घेतो, पैसे आत्ताच पाठवतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एक क्यूआर कोड आला. "हा स्कॅन करा, रक्कम दिसेल, पिन टाकला की तुमच्या खात्यात जमा." बाईंनी पुतणीच्या फोनवर आलेला कोड आपल्या फोनने स्कॅन केला. १८,००० दिसले. पिन टाकला. खात्यातून १८,००० गेले.

मी नंतर त्यांच्याबरोबर बसून तो सगळा प्रसंग पुन्हा एकेक पायरी करून घेतला. फसवणूक कुठे झाली ते मला माहीतच होतं. त्या प्रत्येक पायरीला बाईंच्या मनात काय चाललं होतं, ते मला ऐकायचं होतं. मी म्हटलं, "स्क्रीनवर पे असं लिहिलं होतं, ते वाचलं होतंत?" त्या म्हणाल्या, "वाचलं ना. पे म्हणजे पेमेंट. पेमेंट मला येणार होतं."

मी गप्प झाले. आपल्याकडे 'पेमेंट झालं का?' हा प्रश्न पगार मिळाला का या अर्थाने विचारतात. कारखान्यात, शाळेत, गवंड्याच्या हाताखाली, सगळीकडे. पेमेंट ही येणारी गोष्ट आहे. स्क्रीनवरचा तो एक शब्द बनवणाऱ्याच्या मनात 'द्या' होता, वाचणाऱ्याच्या मनात 'आले'. आणि रक्कमही बरोबर टेबलाचीच.

"आणि पिन? घेताना पिन कशाला लागेल असं नाही वाटलं?"

"अगं, पैसे घेताना सही लागतेच की."

या वाक्यावर मी कित्येक दिवस विचार केला. बाई शंभर टक्के बरोबर बोलत होत्या. त्यांच्या पिढीने पैसे घेताना कायम सही केलेली आहे. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा, फॉर्मवर सही किंवा अंगठा घ्यायचा, मग नोटा मोजून हातात द्यायचा. शाळेत पगारपत्रकावर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर आडवी सही करायची, मग पगार. आजही ५,००० च्या वरची रोख रक्कम मिळाल्याची पावती देताना एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, आणि त्यावर सही घेणाऱ्याचीच असते. बँकेत पैसे काढायच्या स्लिपवर सही. बेअरर चेक वटवताना मागच्या बाजूला सही. मग एटीएम आलं (भारतातलं पहिलं मुंबईत, १९८७ साली), आणि त्याने सहीच्या जागी चार आकडे बसवले. कार्ड आत, आकडे दाबा, नोटा बाहेर. आयुष्यात पहिल्यांदा 'पिन' हा शब्द ज्या यंत्रापाशी शिकलो, तिथे पिन टाकला की पैसे हातात येत होते.

हिशेबाच्या भाषेत एटीएममध्येही पैसे खात्यातून जातातच. पण माणूस खात्याच्या जागी उभा राहून विचार करत नाही, आपल्या हाताच्या जागी उभा राहून करतो. हाताला पैसे मिळाले, म्हणजे आले.

यूपीआयने ही दिशाच उलटी केली. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते त्याची चाचणी सुरू झाली, ऑगस्टअखेर बँकांची अ‍ॅप आली, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि ३० डिसेंबरला भीम अ‍ॅप. आठ-नऊ महिन्यांत चहाच्या टपरीपर्यंत जायची वाट तयार झाली. यात पैसे येताना काहीच करावं लागत नाही. ना सही, ना पिन, फोन बंद असला तरी चालतं. पिन फक्त पैसे जाताना, नाहीतर स्वतःची शिल्लक बघताना. व्यवस्था म्हणून हे उत्तमच आहे. पण मनीऑर्डरपासून एटीएमपर्यंत शे-सव्वाशे वर्षं घट्ट झालेलं चित्र नेमकं उलटं करायचं, आणि ते उलटं झालंय हे नीट कुणी सांगायचं नाही, त्या फटीत चोर शिरले. त्यांनी कुलूप तोडलं नाही. त्यांनी फक्त जुन्या चित्राला धरून बोलायला सुरुवात केली.

या फटीतून एक दुसराही मार्ग होता. कोणीही अनोळखी माणूस तुमच्याकडे पैशाची मागणी पाठवू शकायचा, आणि तुम्ही ती 'मंजूर' करून पिन टाकला की पैसे त्याच्याकडे जायचे. मंजूर हा शब्दही बघा. अर्ज मंजूर झाला, कर्ज मंजूर झालं, म्हणजे आपल्याला काहीतरी मिळालं. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवायची सोयच बंद केली. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. वर्षानुवर्षं 'सावध राहा' असे मेसेज पाठवून जे थांबलं नाही, त्यावर शेवटी दारच बंद केलं. क्यूआर कोडची वाट मात्र अजून उघडी आहे, आणि बाई त्याच वाटेने फसल्या.

हे सगळं मी वर्गात फळ्यावर बाण काढून समजावत होते. येणारा बाण, जाणारा बाण. कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मग एसटीतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "म्हणजे दानपेटी." देवळातल्या दानपेटीत पैसे टाकायला किल्ली लागत नाही, वरून फट असते, कोणीही टाकावेत. किल्ली लागते ती काढताना. आणि टाकणारा जर म्हणाला की मला अकरा रुपये टाकायचेत, किल्ली द्या, तर पुजारी देईल का? खोली हसली, आणि त्या हसण्यात चित्र बसलं. माझे बाण मी पुसले.

आता बाईंचं पुढचं. पैसे गेल्याचं कळल्यावर त्यांनी तीन दिवस कुणालाच सांगितलं नाही. मुलालाही नाही, पुतणीला तर नाहीच. "पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं आणि मीच अशी कशी फसले" हे मनात. या तीन दिवसांची मला रकमेपेक्षा जास्त हळहळ वाटते. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच कळवलं, तर ज्या खात्यात पैसे गेले तिथे ते गोठवायची धडपड करता येते. पण चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात भराभर फिरवतात आणि कुठेतरी एटीएममधून काढून घेतात. तिथे मिनिटांचा हिशेब असतो. लाज माणसाला तीन दिवस गप्प बसवते. आणि ती लाज येते कुठून? घरात कधीतरी ऐकलेल्या 'एवढं पण कळत नाही?' या वाक्यातून. म्हणून हे वाक्य घरात बोलू नका, असं मी प्रत्येक मुलाला, सुनेला, नातवाला हात जोडून सांगते.

चूक झाली की माणूस स्वतःलाच दोष देतो, हे डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी संशोधकाने फार कळकळीने मांडलंय. त्यांचा दाखला दारांचा आहे. एखाद्या बँकेच्या काचेच्या दाराला दोन्ही बाजूंना एकसारखी धरायची दांडी असते. धरायची दांडी दिसली की हात ओढतो. दार मात्र ढकलायचं असतं. मग माणूस ओशाळून इकडेतिकडे बघतो आणि 'ढकला' ही पाटी वाचतो. दार कसं उघडायचं हे सांगायला पाटी लावावी लागते, तिथेच दार बनवणारा चुकलेला असतो. नॉर्मन यांच्या मते चित्रं दोन असतात, एक बनवणाऱ्याच्या डोक्यातलं आणि एक वापरणाऱ्याच्या. दोघांची कधी भेट होत नाही. बनवणारा जे काही सांगू शकतो ते फक्त त्या वस्तूच्या तोंडून: तिची बटणं, तिचे शब्द, तिचे दिवे.

दिवा किती घात करू शकतो याचं एक उदाहरण अणुऊर्जेच्या इतिहासात आहे. २८ मार्च १९७९, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं थ्री माइल आयलंड वीजकेंद्र. अणुभट्टीतला दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि तिथेच अडकली. थंड करणारं पाणी तिच्यातून वाहून जात राहिलं. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र सांगत होता की सगळं ठीक आहे, झडप बंद आहे. कारण तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. झडपेला 'बंद हो' असा आदेश गेला की तो विझायचा. झडप खरोखर बंद झाली की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. समोर बसलेल्या माणसांनी दिव्यावर विश्वास ठेवला, आणि भट्टीच्या गाभ्याचा काही भाग वितळला. चौकशीत आधी बोट त्या माणसांकडेच होतं. तो कक्ष पाहायला ज्यांना बोलावलं त्यांत नॉर्मन होते, आणि त्यांनी सांगितलं की माणसं शहाणी होती, तो कक्षच चुकायला लावणारा होता.

'आदेश गेला' आणि 'काम झालं' यांतला हा फरक आपण रोज हातात घेऊन फिरतो. व्हॉट्सअ‍ॅपवरची एक खूण म्हणजे मेसेज इथून निघाला, दोन म्हणजे त्या फोनवर पोचला. दोन्ही गोष्टी वेगळ्या दाखवल्या, म्हणून कुणी भांडत नाही. उलट पैसे पाठवताना कधीकधी स्क्रीनवर नुसतं एक चक्र फिरत राहतं. गेले की नाही कळत नाही, माणूस घाबरून पुन्हा पाठवतो, आणि दोनदा जातात.

म्हणून भाजीवाल्याच्या टोपलीशेजारचा तो बोलका डबा मला मनापासून आवडतो. आमच्या मंडईत मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या मावशींचं सकाळी निरीक्षण करत होते. हात ओले, मातीचे. एक हात तागडीवर, नजर चोरून जुडी उचलणाऱ्यांवर. गिऱ्हाईक फोनची स्क्रीन पुढे करून म्हणतं, "गेले बघा मावशी." मावशी स्क्रीनकडे बघतही नाहीत. त्या कान डब्याकडे लावतात. डबा मराठीत म्हणतो, चाळीस रुपये मिळाले. मगच जुडी पिशवीत पडते. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवरचं हिरवं चित्र म्हणजे थ्री माइल आयलंडचा दिवा आहे, ते खोटंही बनवता येतं. डबा मात्र मावशींच्या बाजूने, पैसे खरोखर आल्यावर बोलतो. ज्याला वाचता येत नाही, चष्मा घरी राहिलाय, हात मोकळे नाहीत, अशा माणसाचं चित्र ओळखून बनवलेली ती वस्तू आहे. तिला पाटी लावावी लागली नाही.

चित्र न जुळण्याचा दुसरा मोठा घोटाळा फोटोंचा. एका आजींनी नातीच्या बारशाचे सगळे फोटो घालवले. फोन भरला, जागा हवी होती. मुलाने कधीतरी सांगितलेलं लक्षात होतं की फोटो 'वरती', म्हणजे इंटरनेटवर, पण साठवलेले आहेत. वरती आहेत ना, मग खालचे काढू. अल्बममधला फोटो आणि पेटीत ठेवलेली निगेटिव्ह, हे त्यांचं चित्र. अल्बममधला फाटला तरी निगेटिव्ह शाबूत.

पण फोटो साठवणारी आजची बरीचशी अ‍ॅप निगेटिव्हसारखी वागत नाहीत, आरशासारखी वागतात. फोनवर जे दिसतं आणि वरती जे आहे, ते एकच राहावं अशी त्यांची खटपट असते. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. इंग्रजीत 'बॅकअप' आणि 'सिंक' हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत आपण दोन्हीला 'सेव्ह केलंय' म्हणून मोकळे होतो, आणि चित्र तिथेच गढूळ होतं. मी वर्गात आता 'जपून ठेवलेली प्रत' आणि 'आरसा' असे दोन शब्द वापरते. आजींचं नशीब चांगलं. पुसलेले फोटो अ‍ॅपच्या कचरापेटीत काही दिवस राहतात, आणि त्यांनी तीन आठवड्यांत सांगितलं. पेटीतून एकेक फोटो परत येताना त्यांनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

काही चुकीची चित्रं निरुपद्रवी असतात, त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. फोनमधली उघडी अ‍ॅप बोटाने एकेक वर सरकवून बंद करायची, म्हणजे बॅटरी वाचते, हे त्यातलं. खोलीतून बाहेर पडताना दिवे घालवण्याची ही चांगली सवय आहे, फक्त फोनला लागू नाही. न वापरलेली अ‍ॅप फोन स्वतःच झोपवतो. २०१६ मध्ये अ‍ॅपलच्या प्रमुखांना, टिम कुक यांना, एका ग्राहकाने हेच विचारलं होतं, याने बॅटरी वाचते का? कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागाच्या प्रमुखांकडून उत्तर आलं, नाही. तरी माझे विद्यार्थी सरकवतात. सरकवू देत.

फॉरवर्डच्या बाबतीत मात्र मी असं म्हणू शकत नाही.

गावात बातमी कशी फिरायची? पारावर, नळावर, बाजाराच्या दिवशी. सांगणारा समोर असायचा. तो कोण, किती खरं बोलतो, कुणाशी त्याचं वाकडं आहे, हे सगळं ऐकणाऱ्याला ठाऊक असायचं. बातमीची किंमत आपण माणसावरून ठरवायचो. हेच चित्र घेऊन आपण व्हॉट्सअ‍ॅपवर आलो. भाचीचा मेसेज म्हणजे भाचीचा शब्द. पण भाचीने तो लिहिलेला नसतो. तिने तो वाचलेलाही नसेल. तो कुठून निघाला, किती हातांतून आला, हे पुसलं गेलेलं असतं, आणि वर उरतो फक्त भाचीचा हसरा फोटो. आपण विश्वास त्या फोटोवर ठेवतो.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज आणि चित्रफिती त्या भागात फोनोफोनी फिरत होत्या. त्या दिवशी बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच माणसांना जमावाने घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवली होती. दुचाकीवरची माणसं मूल उचलून नेतात, आणि शेवटी ते परत आणून ठेवून एक फलक दाखवतात, असं ते नाटक. कुणीतरी शेवट कापला. उरलं फक्त उचलून नेणं.

राईनपाड्याच्या माणसांना मी निर्दोष म्हणत नाही. मारणारे हात त्यांचेच होते. पण पुढे पाठवणारी हजारो बोटं कुणाची होती? ती आपल्यासारख्यांची होती, काळजीपोटी हललेली. 'खरं असेल-नसेल, सांगून ठेवलेलं बरं.' पारावर हे वाक्य एका माणसाने चार जणांना सांगितलं असतं. फोनवर एका दाबात ते शेकडो घरांत जात होतं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने तीन बदल केले. पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूण यायला लागली, म्हणजे भाचीच्या फोटोखाली 'हे तिचं नव्हे' असं लिहिलं गेलं. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली. आणि फोटो-व्हिडिओच्या शेजारचं झटपट पाठवायचं बटण काढलं. एप्रिल २०२० मध्ये अनेक हातांतून आलेले मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं केलं, आणि असे मेसेज जगभरात ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. लोकांना कुणी नवं काही शिकवलं नाही. फक्त पाठवण्याच्या आधी दोन-तीन दाब वाढले. तेवढ्या वेळात बोट थांबतं, आणि बोट थांबलं की कधीकधी डोकं चालतं.

एसीचंही तसंच. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे स्टार लेबलचे रूम एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. बरेच लोक जे लावलेलं असतं तेच ठेवतात. लोकांच्या मनातलं चित्र बदलेपर्यंत वाट बघण्यापेक्षा, सुरुवात कुठून होईल ते बदललं.

हल्ली वर्गात एक नवीन वस्तू आली आहे, बोलणारी एआय. मराठीत विचारलं की मराठीत उत्तर. इथे जे चित्र मनात येतं ते कुठल्याही जुन्या यंत्राचं नसतं, माणसाचं असतं. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा नावाचा साधा संगणक-प्रोग्रॅम बनवला होता. समोरच्याचंच वाक्य थोडं फिरवून प्रश्न म्हणून परत विचारायचा, एवढंच. त्यांची सेक्रेटरी तो बनताना महिनोन्महिने बघत होती. तिने चार वाक्यं टाइप केली आणि वायझेनबामना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? आत कोणी नाही हे तिला माहीत होतं, तरी मनाने तिथे कुणीतरी बसवलं. आज आमच्या वर्गातले एक आजोबा एआयला रक्तदाबाच्या गोळीचं विचारतात, आणि ते 'तो म्हणाला' असं सांगतात. त्यांच्या चित्रात तिकडे एक डॉक्टर आहे, ज्याने त्यांचा कागद बघितलाय. तिकडे कागद बघणारं कोणी नाही. शब्दांपुढे शब्द जुळवणारं, भरपूर वाचलेलं यंत्र आहे. ते पुष्कळदा बरोबर असतं, आणि चुकतं तेव्हाही तेवढ्याच अदबीने बोलतं. गोळी डॉक्टरांनाच विचारा, एवढं मी त्यांना सांगितलंय. चित्र बदलायला वेळ लागेल.

चित्र बदलायचं कसं, याची मला सापडलेली एकच रीत आहे. घरोघरी काय होतं? आजोबा अडतात, नातू फोन हातातून घेतो, भराभर चार ठिकाणी बोट लावतो, 'झालं' म्हणून परत देतो. काम होतं, आणि आजोबांच्या मनातलं चित्र होतं तिथेच राहतं. मी फोन हातात घेत नाही. मी विचारते, "हे बटण दाबलं की आत काय होईल असं वाटतं तुम्हाला?" पहिल्यांदा लोक संकोचतात, त्यांना ही परीक्षा वाटते. मग बोलायला लागतात, आणि काय काय निघतं! फोनमध्ये आधीच उतरलेला फोटो पुन्हा उघडून बघितला तरी नेट संपतं, म्हणून नातवाचे फोटो न बघणाऱ्या एक आजी होत्या. त्यांच्या चित्रात फोटो म्हणजे पाण्याचा ग्लास होता, प्रत्येक वेळी नळ सोडावा लागणार. मी सांगितलं की हा माठ आहे, एकदा भरून ठेवलाय, कितीदाही प्या. त्या दिवशी त्यांनी वर्गातच तासभर फोटो बघितले.

बाई पुण्याला गेल्या, पण महिन्यातून एकदा येतात. मागच्या वेळी आल्या तेव्हा बसायच्या आधीच सांगायला लागल्या. फोन आला होता. पेन्शनचा फरक जमा करायचाय, लिंक उघडा आणि पिन टाका. बाई म्हणाल्या, "जमा करायचाय ना? मग करा. माझा पिन कशाला?" पलीकडचा म्हणाला, मॅडम प्रोसेस आहे. बाई म्हणाल्या, "पेटीत टाकायला किल्ली मागताय तुम्ही." पलीकडे दोन क्षण शांतता, आणि फोन कट. एसटीचे काका टाळ्या वाजवायला लागले. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"पण मला हे सांग, मी पेन्शनर आहे हे त्याला कुठून कळलं?"

पुढच्या रविवारी तेच घेणार आहे.